पत्रे कुठे अडली?

२०२० सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. शाळा अजून पुरत्या उघडल्या नव्हत्या. मुले घरी बसून वहीत उत्तरे लिहीत आणि त्यांची छायाचित्रे ई-मेलला जोडून शाळेकडे पाठवीत. आमच्या ओळखीच्या एका शाळेत हा सगळा व्यवहार कार्यालयातल्या एकाच संगणकावर चाले. एका सोमवारी सकाळी लिपिक बाईंनी संगणक सुरू केला. ई-मेलच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बसवली गेल्याची सूचना पडद्यावर आली आणि गेली. त्यानंतर एकही नवे पत्र आले नाही. जुनी पत्रे जागच्या जागी होती. पडद्यावर चूक झाल्याचा काही संदेशही नव्हता. आज कोणी लिहिले नसेल, असेच सर्वांना वाटले.

तिसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीच्या वडिलांचा फोन आला. "सर, उत्तरे पाठवून दोन दिवस झाले. मुलीची उत्तरे मिळाली नाहीत असे का कळवलेत?" मग चौकशी सुरू झाली. शाळेकडून पत्र पाठवून पाहिले, तर तेही जाईना.

मुख्याध्यापकांनी आम्हाला बोलावले तोपर्यंत सल्ल्यांचा ढीग पडला होता. प्रोग्रॅम काढून पुन्हा टाका, पासवर्ड बदला, जुनी आवृत्ती आणा, नवा संगणक घ्या. यातला एखादा सल्ला बरोबर असूही शकला असता. पण पत्र नेमके कुठे अडले आहे, हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. विजेरी पेटत नसेल तर आपण एकदम नवी विजेरी आणत नाही. आधी सेल तपासतो, मग दिवा, मग बटण. संगणकाच्या बाबतीत मात्र हा साधा शहाणपणा आपण विसरतो, कारण आतले काही दिसत नाही. हे 'आतले' थोडे दिसू लागले, तर दुरुस्तीची वाटही दिसते. ती कशी, ते या लेखात पाहू.

आधी नक्कल, मग दुरुस्ती

दुरुस्तीचा पहिला नियम असा, की आपल्या हाताने नुकसान वाढता कामा नये. म्हणून आधी पत्रे असतात कुठे ते पाहू.

शाळेतला प्रोग्रॅम होता थंडरबर्ड. मोझिला प्रकल्पातून तयार झालेला हा मोफत प्रोग्रॅम, त्याची १.० ही आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. प्रोग्रॅम एका जागी आणि पत्रे दुसऱ्या जागी, अशी त्याची रचना असते. पत्रे, पत्ते, खात्यांची माहिती हे सारे 'प्रोफाइल' नावाच्या एका फोल्डरमध्ये राहते. आलेल्या पत्रांची पेटी म्हणजे साधारणपणे तिथली एक लांबलचक मजकुराची फाइल, एकाखाली एक पत्र लिहिलेली. त्यामुळे प्रोग्रॅम काढून टाकला तरी पत्रे सहसा जात नाहीत.

पण जुनी आवृत्ती आणण्यात एक फसगत आहे. २०१९ सालच्या ६८ व्या आवृत्तीपासून थंडरबर्ड अशी खबरदारी घेतो, की नव्या आवृत्तीने वापरलेले प्रोफाइल जुन्या आवृत्तीने सरळ उघडू नये. जुनी आवृत्ती टाकली की ती नवे प्रोफाइल तयार करायला सांगते. आपण हो म्हटले की समोर कोरी खिडकी येते. 'आठ वर्षांची पत्रे गेली!' म्हणून घरात रडारड होते. खरे तर जुने प्रोफाइल चकतीवर तसेच असते. कपाट बदलले आहे, कागद जुन्या कपाटात सुरक्षित आहेत.

धोका वेगळ्याच ठिकाणी असतो. पत्रे आणण्याचे दोन रिवाज आहेत. एक 'पॉप'. हा १९८४ सालचा. संगणक फोनच्या तारेवरून थोडा वेळ जोडला जाई आणि जोडणीचे पैसे वेळेवर मोजले जात, त्या काळाला तो सोयीचा होता. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा हीच परिस्थिती होती. जोडा, पत्रे ओढून घ्या, तोडा. पत्रे आपल्याकडे आली की टपालघरातली प्रत बहुधा पुसली जाई. दुसरा रिवाज 'आयमॅप'. स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये तो मांडला. यात मूळ पत्रे टपालघरातच राहतात, आपण त्यांची प्रत पाहतो. शाळेचे खाते पॉपचे होते, म्हणजे जुन्या पत्रांची एकमेव प्रत त्या संगणकात होती. म्हणून प्रोग्रॅम बंद करून आम्ही आधी सबंध प्रोफाइल फोल्डरची नक्कल बाहेरच्या चकतीवर घेतली. यात वीस मिनिटे गेली. त्यानंतर कोणताही प्रयोग निर्धास्तपणे करता आला.

पत्राचा रस्ता

आता पत्राचा रस्ता पाहू. मुलीने मोबाइलवरून पत्र पाठवले की ते आधी तिच्या ई-मेल सेवेच्या टपालघरात जाते. 'टपालघर' म्हणजे अखंड चालू असणारा संगणक, ज्याला सर्व्हर म्हणतात. तिथून ते शाळेच्या टपालघरात पोचते. दोन टपालघरांमधली ही ने-आण 'एसएमटीपी' नावाच्या नियमांनी चालते. जॉन पोस्टेल यांनी ते १९८२ मध्ये लिहून प्रसिद्ध केले. शाळेच्या टपालघरात पत्र शाळेच्या पेटीत पडून राहते. शेवटी कार्यालयातला प्रोग्रॅम पॉपच्या नियमांनी ते घेऊन येतो.

रस्त्याचे असे तीन टप्पे झाले. दोष शोधताना एका टोकापासून एकेक टप्पा तपासत जाण्यापेक्षा मधेच कुठे तरी पाहावे. तिथपर्यंत पत्र आले असेल तर मागचा सगळा रस्ता निर्दोष. आले नसेल तर पुढच्या रस्त्याकडे पाहण्याचे कारणच नाही. एकाच प्रश्नात बरेच संशयित सुटतात.

मध्ये पाहण्याची सोय बहुतेक टपालघरे देतात. ब्राउझर उघडून टपालघराच्या पानावर आपली पेटी थेट पाहता येते. आम्ही ती उघडली. न आलेली सगळी पत्रे तिथे रांगेने उभी होती! त्यात त्या मुलीचे पत्रही होते, रविवारी रात्री पाठवलेले. मुख्याध्यापकांनी लगेच तिच्या वडिलांना फोन केला. दुरुस्ती पुढे व्हायची होती, पण अन्याय तिथेच दूर झाला.

म्हणजे दोष शेवटच्या टप्प्यात, टपालघर ते शाळेचे टेबल एवढ्यातच होता. ब्राउझर चालतो म्हणजे इंटरनेटची तार ठीक. उरले तीन संशयित. पहिला, प्रोग्रॅमला जोडलेल्या उप-प्रोग्रॅमांचा. हा संशय रास्त होता, कारण २०२० साली आलेल्या ७८ व्या आवृत्तीत जुन्या पद्धतीच्या जोडण्या चालेनाशा झाल्या होत्या. थंडरबर्डच्या मदतीच्या यादीत जोडण्या बंद ठेवून पुन्हा सुरू करण्याची सोय आहे. तसे करून पाहिले. फरक नाही. दुसरा संशयित, विषाणू-प्रतिबंधक प्रोग्रॅम. असे काही प्रोग्रॅम पत्र तपासण्यासाठी संगणक आणि टपालघर यांच्या मध्ये उभे राहतात. तोही पाच मिनिटे बंद ठेवून पाहिला. फरक नाही. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलली, आणि फरक न पडल्यास ती पूर्ववत केली. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झाले ते कळत नाही, हे विज्ञानाच्या शिक्षकांना सांगायला नको.

मोबाइलचा पुरावा

तिसरा संशयित अर्थात नवी आवृत्ती. टपालघर चालवणाऱ्या मंडळींचे हेच म्हणणे होते. बाईंनी त्यांना फोन केला, तेव्हा उत्तर मिळाले, "तुमच्याच खात्याची पत्रे सरांच्या मोबाइलवर येतात ना? मग आमची सेवा ठीक आहे. तुमचा प्रोग्रॅम बिघडलाय."

हा युक्तिवाद ऐकायला पक्का वाटतो. तो तपासण्यासाठी आम्ही एक साधा प्रयोग केला. एका शिक्षिकांचे खाते वेगळ्या टपालघरात होते. त्यांच्या संमतीने ते याच प्रोग्रॅमात जोडले. त्यांची पत्रे धडाधड आली. आता कागदावर चार ओळी लिहिल्या:

सरांचा जुना मोबाइल आणि शाळेचे टपालघर: पत्रे येतात.
सरांचा जुना मोबाइल आणि दुसरे टपालघर: येतात.
नवी आवृत्ती आणि दुसरे टपालघर: येतात.
नवी आवृत्ती आणि शाळेचे टपालघर: येत नाहीत.

या चार ओळींकडे नीट पहा. नवी आवृत्ती बिघडली असती तर तिसरी ओळ खोटी ठरली असती. टपालघर बंद पडले असते तर पहिली ओळ खोटी ठरली असती. दोघेही आपापल्या जागी चालू आहेत; बिघडली आहे ती दोघांची जुळणी. आपल्या घरी दोन भोकांचे जुने सॉकेट असते आणि तीन पिनांची नवी इस्त्री येते. इस्त्री चांगली, सॉकेटमध्ये वीजही आहे, तरी इस्त्री तापत नाही. जुना दोन पिनांचा दिवा तिथे लागतो, एवढ्यावरून इस्त्री बिघडली असे म्हणता येईल का?

बोलणे सुरू होण्याआधीचे बोलणे

ही जुळणी कशाची? पत्र आणण्यापूर्वी प्रोग्रॅम आणि टपालघर यांच्यात एक संभाषण होते. पॉपचे मूळ संभाषण अगदी साधे आहे. प्रोग्रॅम नाव सांगतो, मग पासवर्ड सांगतो, मग पत्रांची यादी मागतो, मग एकेक पत्र. पूर्वी हे उघड्या भाषेत चाले. वाटेत कोणी कान लावून बसला तर त्याला पासवर्ड सरळ वाचता येई. म्हणून या संभाषणाभोवती सांकेतिक भाषेचे वेष्टन घालण्याची पद्धत आली. नेटस्केप कंपनीने १९९५ मध्ये ब्राउझरसाठी असे वेष्टन प्रचारात आणले. १९९९ मध्ये त्याची सर्वमान्य आवृत्ती ठरली, तिचे नाव टीएलएस १.०. पुढे २००६ मध्ये १.१, २००८ मध्ये १.२ आणि २०१८ मध्ये १.३ आली.

वेष्टन घालण्यापूर्वी दोघांना एकमत करावे लागते. प्रोग्रॅम म्हणतो, 'मला या या आवृत्त्या येतात.' टपालघर त्यातली आपल्याला येणारी निवडते. सामाईक आवृत्ती एकही नसेल तर जोडणी तिथेच तुटते. पुढचे काही घडतच नाही.

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. नाव आणि पासवर्ड यांची पाळी वेष्टन पक्के झाल्यानंतर येते. जोडणी त्याआधीच तुटत असेल, तर पासवर्ड बरोबर की चूक हे टपालघराला कळलेलेच नाही. म्हणजे पासवर्ड बदलण्याचा सल्ला मुळातच चुकीच्या टप्प्यावरचा होता. बाईंनी तो आधीच अमलात आणला होता. परिणाम एवढाच, की काही तास सरांच्या मोबाइलवरचीही पत्रे बंद झाली आणि एका दोषाचे दोन झाले. घटनांचा क्रम माहीत असला की कोणावर संशय घेणे व्यर्थ आहे, हे आपोआप कळते.

पण जोडणी इथेच तुटते याला पुरावा काय? पडद्यावर काही नव्हते, तरी प्रोग्रॅम आपली दैनंदिनी लिहीत असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि जे या कळा एकत्र दाबल्या की थंडरबर्डमध्ये चुकांची नोंदवही उघडते. ती उघडी ठेवून 'पत्रे आणा' म्हटले. लगेच एक नवी ओळ उमटली. तिचा अर्थ: समोरचा टीएलएसची अशी आवृत्ती वापरतो, जी मला मान्य नाही.

थंडरबर्डच्या ७८ व्या आवृत्तीत टीएलएस १.० आणि १.१ ही दोन्ही वेष्टने मुद्दाम बंद ठेवली होती. हा काही एका प्रोग्रॅमचा लहरीपणा नव्हता. ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला या चौघांनी ऑक्टोबर २०१८ मध्येच जाहीर केले होते, की २०२० पासून आपले ब्राउझर ही जुनी वेष्टने स्वीकारणार नाहीत. कारणेही होती. २०११ साली दोन संशोधकांनी १.० मधील एका उणिवेच्या आधारे गुप्त मजकुराचा भाग उलगडून दाखवला होता. शिवाय ही जुनी वेष्टने मजकुरात फेरफार झाला की नाही हे ओळखण्यासाठी ज्या गणिती पद्धतींवर विसंबून होती, त्यांतली एक २००४ मध्ये आणि दुसरी २०१७ मध्ये भेदली गेली. मार्च २०२१ मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने दोन्ही आवृत्त्या औपचारिकरीत्या निवृत्त केल्या.

मग ब्राउझरमध्ये पेटी कशी उघडली? कारण पान दाखवणारा प्रोग्रॅम वेगळा आणि पॉपने पत्रे देणारा वेगळा. एकाच इमारतीत दोन खिडक्या. एकीची कडी बदलली, दुसरीची जुनीच राहिली.

पिन मोडायची का?

आमचा तर्क असा झाला: टपालघराच्या पॉपच्या खिडकीला टीएलएस १.२ येत नाही. तर्क खरा असेल, तर प्रोग्रॅमला १.० चालवून घ्यायला सांगताच पत्रे यायला हवीत. थंडरबर्डच्या सूक्ष्म सेटिंगमध्ये 'सिक्युरिटी टीएलएस व्हर्जन मिन' या नावाची नोंद असते. तिथे ३ हा आकडा म्हणजे किमान १.२ हवे, आणि १ हा आकडा म्हणजे १.० ही चालेल. आम्ही ३ चा १ केला. पत्रे आली. पण प्रयोग इथे संपत नाही. योगायोगाने त्याच क्षणी टपालघर सुधारले असेल तर? म्हणून १ चा पुन्हा ३ केला आणि स्वतःलाच एक पत्र पाठवले. ते आले नाही. पुन्हा १ केला. आले. आता शंका उरली नाही.

"झाले की मग! आता हे असेच राहू द्या," बाई म्हणाल्या. त्यांचे म्हणणे आम्हाला समजत होते. चार दिवसांचे काम साचले होते, पालक फोन करीत होते. तरीही आम्ही ३ हा आकडा परत लिहिला. तीन पिनांची इस्त्री दोन भोकांच्या सॉकेटमध्ये बसवण्यासाठी काही लोक तिसरी पिन मोडून टाकतात. इस्त्री तापते. पण धक्का बसू नये म्हणून ठेवलेली पिन आता नसते, आणि हे इस्त्रीकडे पाहून कधीच कळत नाही. तसेच हे. तो आकडा एका खात्यापुरता नसतो. सबंध प्रोग्रॅमला, म्हणजे शिक्षिकांच्या खात्यालाही तो लागू होतो. शाळेच्या पेटीत मुलांची नावे, जन्मतारखा, दाखले असतात. ते सांभाळण्याची जबाबदारी शाळेची आहे. त्या मुलांना कोणी विचारलेले नसते.

मधल्या काळासाठी बाईंनी ब्राउझरमधूनच पत्रे पाहावीत असे ठरले. टपालघराला आम्ही पत्र लिहिले. त्यात राग नव्हता. होत्या त्या फक्त वरच्या चार ओळी, नोंदवहीतली एक ओळ आणि आकडा बदलून केलेल्या प्रयोगाचा निकाल. सर्व्हर ज्या ओपन-एसएसएलचा आधार घेतात, त्यात टीएलएस १.२ ची सोय मार्च २०१२ पासून आहे, हेही नम्रपणे लिहिले. 'तुमची सेवा बिघडली आहे' या तक्रारीला त्यांच्याकडे उत्तर तयार होते. या पुराव्याला नव्हते. सहाव्या दिवशी त्यांनी सर्व्हर सुधारला. आमचा आकडा ३ वरच होता, आणि पत्रे येऊ लागली.

नव्या आवृत्तीने बिघाड केला, असे सोमवारी सर्वांचे मत होते. प्रत्यक्षात बिघाड कित्येक वर्षे जुना होता. नव्या आवृत्तीने तो फक्त दाखवून दिला. प्रत्येक वेळी असेच असते असे नाही. नव्या आवृत्तीत खरोखरच चुका असू शकतात, असतातही. पण कोणाची चूक हे आधी ठरवून शोधाला निघालो, तर हवे तेच सापडते.

वर्गात करून पहा

१. सोळा मुलांना एका रांगेत उभे करा. पहिल्याकडून शेवटच्याकडे एक बंद चिठ्ठी जाऊ द्या. एकाने ती गुपचूप स्वतःकडे ठेवायची. बाहेरून आलेल्या मुलाने कोणालाही एवढेच विचारायचे, "चिठ्ठी तुझ्यापर्यंत आली का?" उत्तर खरे द्यायचे. पहिला प्रश्न नवव्या मुलाला विचारला आणि दर वेळी उरलेल्या मुलांचे दोन सारखे भाग केले, तर चारच प्रश्नांत चिठ्ठी सापडते. बत्तीस मुले असतील तर किती प्रश्न लागतील?

२. आलेल्या कोणत्याही ई-मेलचे मूळ रूप थंडरबर्डमध्ये कंट्रोल आणि यू या कळांनी पाहता येते. त्यात 'रिसीव्ह्ड' या शब्दाने सुरू होणाऱ्या नोंदी शोधा. पोस्टाच्या पाकिटावरच्या शिक्क्यांसारख्या त्या असतात. प्रत्येक टपालघर आपली नोंद सर्वांत वर लिहिते, म्हणून प्रवास खालून वर वाचावा. दोन नोंदींच्या वेळांमध्ये किती अंतर आहे? घड्याळे निरनिराळ्या देशांची असतील, तेवढे वजा करायला विसरू नका.

३. दोन विजेऱ्या घ्या. एकीचे सेल आणि दिवा दुसरीत घालून पाहता येतील अशा निवडा. एकीत उतरलेले सेल घाला. विद्यार्थ्यांनी अदलाबदल करून वरच्यासारख्या चार ओळी लिहाव्यात आणि दोष कुठे आहे ते त्या ओळींवरूनच सांगावे. विजेरी उघडून सेल तपासायचे नाहीत. निष्कर्ष लिहून झाल्यावर मगच पडताळा घ्यावा.